दार सगळ्यांसाठीच बंद

काही माणसं जन्मतःच मोठा आवाज घेऊन येतात आणि आयुष्यभर त्याची माफी मागत फिरतात. भोंगाबाई त्यातली नव्हती. देवाने गळा दिला तो काय पुटपुटायला, असा तिचा रोखठोक हिशेब. कागदोपत्री ती दवाखान्यातली परिचारिका, पण तिचं खरं नाव पगारपत्रकात पडून असे. व्हरांड्यावरच्या बायकांनी तिला भोंगाबाई केलं होतं, आधी पाठीमागे, मग तोंडावर. ती आतून "पुढची!" म्हणाली की शेवटच्या बाकावरची, दोन्ही कानांनी गेलेली म्हातारीसुद्धा दचकून उभी राही आणि विचारी, "मला बोलावलं का?"

दवाखाना लहानसाच. एक डॉक्टर, औषधं देणारा एकजण, झाडलोट आणि रांग दोन्ही सांभाळणारी मावशी, आणि गरोदर बायकांच्या खोलीत ही. खोलीत टेबल, तपासणीची खाट, कधीकाळी निळा असलेला पडदा, आणि एक वजनकाटा. तो दोन किलो जास्त दाखवी, आणि बाई ते दोन किलो मनातल्या मनात वजा करी. नवा काटा मागवला तर जुना नेतील आणि नवा येणार नाही, हे ती अनुभवाने शिकली होती.

आणि दार. लाकूड फुगलेलं, खांद्याने रेटल्याशिवाय न लागणारं. लागताना फरशीवर असं खरखरायचं की औषधांच्या खिडकीपर्यंत ऐकू जाई. पण त्याचा त्रास फारसा कुणाला नव्हता, कारण बावीस वर्षं ते दार उघडंच होतं. भोंगाबाईचा कारभार उघड्यावरचा.

"रक्त नऊ! नऊ म्हणजे काय गं? तू आलीस की तुझी सावली आलीय?"

"साखर वाढलीय! गोडावरचा हात काढ, नाहीतर मी तुझ्या घरी येऊन डबे तपासीन!"

"नवऱ्याला म्हणावं, पाण्याच्या बादल्या तू उचल. मला बाईंनी सही-शिक्क्यानिशी मनाई केलीय!"

बाहेर हशा पिके. जिला बोलणी बसत तीही हसत बाहेर येई. बाई ओरडली म्हणजे आपली कुणीतरी आहे, असं त्या बायकांना वाटे, आणि ते खोटं नव्हतं.

फक्त एका गोष्टीला भोंगाबाई आवाज खाली आणी. नवी गरोदर बाई आली की तिच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा; त्यात इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही एक. छोट्या पट्टीवर एक रेघ उमटली की प्रश्न मिटला. वर्षातून एखाद-दोनदा दोन रेघा उमटत. तसं झालं की बाई उठे, खांदा लावून दार बंद करी, खुर्ची जवळ ओढे आणि हळू आवाजात सांगे. प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं: गुप्तता पाळा. ती पाळत होती. आपण फार जपून वागतो, असंही तिला वाटत होतं.

मग फुलवालीचं झालं.

दवाखान्याच्या फाटकाशी फुलं विकणारी, पाचव्या महिन्यातली, हसरी पोरगी. तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, दार लागलं, अर्ध्या तासाने उघडलं. ती पुढच्या खेपेला गोळ्या घेऊन गेली, आणि मग आलीच नाही. फाटकाशी टोपलीही दिसेना. दोन आठवडे वाट पाहून भोंगाबाई पत्ता शोधत तिच्या घरी गेली. दाराला कुलूप. सामायिक नळावर शेजारीण कपडे धूत होती.

"गेली ती," शेजारीण म्हणाली. "इथं राहून काय करणार? कुणी नळाला हात लावू देईना."

"पण का? कुणी काय सांगितलं?"

शेजारणीने कपडा पिळता पिळता वर पाहिलं. तिच्या बोलण्यात काडीचंही कपट नव्हतं. "तुम्हीच की, बाई."

"मी?"

"तुमचं दार वाजलं ना त्या दिवशी. एरवी तुम्ही साखर, रक्त, सगळं चव्हाट्यावर सांगता. दार लागतं ते त्या एकाच दुखण्याला. अख्ख्या व्हरांड्याला ठाऊक आहे. मीच बसले होते बाकावर."

भोंगाबाई परत चालत आली. त्या दिवशी तिच्या तोंडून "पुढची" निघालं ते इतकं बारीक, की मावशीने आत डोकावून विचारलं, "ताप आलाय का?"

वर्षाने कळलं ते असं: फुलवाली दूर कुठेतरी बाळंत झाली, गोळ्या अर्ध्यावर सुटल्या होत्या, आणि दुखणं बाळापर्यंत पोचलं. ते मूल आता रोज औषध घेतं. शाळेत जाईल, मोठं होईल, सगळं होईल. पण जे टाळता आलं असतं ते टळलं नाही, आणि त्याला कारण एक खरखरणारं दार, हे बाईच्या मनातून कधी गेलं नाही.

मात्र हे कळायच्या आधीच, नळावरून परत आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी, रांगेतली पहिली बाई आत आली आणि भोंगाबाईने उठून खांद्याने दार लावलं. ही पहिली म्हणजे सातव्या महिन्यातली, तीन बाळंतपणं पचवलेली, धट्टीकट्टी बाई. दार खरखरलं तसा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, काय झालंय मला?"

"काही नाही."

"मग दार का लावलंत?"

"आजपासून सगळ्यांना लावणार. बस खाली. दहा मिनिटं तुझी."

"दहा मिनिटं मी काय बोलू? मला काहीच होत नाही."

पाचव्या मिनिटाला ती धट्टीकट्टी बाई रडत होती. नवरा हात उगारतो, हे तिने तीन बाळंतपणांत कुणाला सांगितलं नव्हतं. बावीस वर्षं उघड्या दारातून साखर आणि रक्त तेवढं कळलं होतं. दार लावल्यावर बायका कळायला लागल्या.

अडचण एकच. भोंगाबाईला कुजबुजता येत नव्हतं. तिची कुजबूज म्हणजे इतरांचं भाषण. मग तिने गोदामातून एक जुना पंखा काढला. तो वारा कमी आणि खडखडाट जास्त करी. दार लागलं की पंखा चालू, थंडीतसुद्धा. आत बायका कुडकुडत, पण बाहेर अक्षर जात नसे.

रांग अर्थातच लांबली. डॉक्टर तरुण, भला, पण घड्याळाचा गुलाम. "सिस्टर, एकेकीला दहा मिनिटं? बाहेर बाजार भरलाय!"

"भरू दे की. गर्दी झाली म्हणून कुणी गिऱ्हाइकाला अर्धंच वजन घालतं का?"

बायका आधी कुरकुरल्या, मग सरावल्या. नवऱ्यांनाही एकदा आत बोलवायचं, सगळ्यांच्याच, असा बाईने पुढे नियम केला. वर्ष गेलं, दुसरं, तिसरं गेलं. दार लागलं तरी बाकावर आता कुणाची मान वळेना. एवढंच तर तिला हवं होतं.

अशात काजबटनवाली आली. कपडे शिवण्याच्या कारखान्यात दिवसभर काजं करायची आणि बटणं लावायची हे तिचं काम, म्हणून मावशीने तिला ते नाव पाडलं. तिसरा महिना, पहिलीच वेळ, बोलणं इतकं थोडं की शब्दांना पैसे पडतात की काय. बरोबर सासू. सासू मात्र दोघींच्या वाटचं बोलणारी.

पट्टीवर दोन रेघा आल्या. बाईने दुसऱ्या, तिसऱ्या प्रकारच्या पट्टीवर खात्री करून घेतली. पंखा खडखडत होता.

"मी मरणार का, बाई?"

"मरणार. मीपण मरणार, डॉक्टरपण मरणार. पण तू यानं नाही, आणि इतक्यात नाही. रोज एक गोळी, एकाच वेळेला, चुकवायची नाही. ती घेऊन लोक म्हातारे होतात आणि सुनांना त्रास देतात."

पोरगी हसली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, "आणि याला?"

"गोळी नीट घेतलीस, मोठ्या इस्पितळात बाळंत झालीस आणि नंतर बाळाला सहा आठवडे औषध पाजलंस, तर शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव पोरं सुटतात. तुझं त्यांच्यात असेल. मी बसलेय ना इथं."

"पण हे आलं कुठून? मी तर कधी..."

"कुठून आलं ते मी विचारत नाही. तूही मला सांगू नकोस. पुढे कुठे जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या दोघींचं काम."

मग पोरीने खरी भीती सांगितली. "सासूबाईंना कळलं तर दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर. मग गोळी कुठली आणि इस्पितळ कुठलं? मी इथं परत आलेच नाही, तर समजून घ्या."

"त्या बाहेर काय ऐकतायत?"

"पंखा."

"मग पंखाच ऐकू दे."

दार उघडलं. सासू कमरेवर हात ठेवून उभी. "इतका वेळ काय चाललं होतं?"

"सगळ्यांनाच लागतो, आई," काजबटनवाली म्हणाली.

"हो बाई, पद्धतच मेली इथली! मघाची ती बाहेर येईपर्यंत माझी कंबर धरली." आणि विषय कमरेवर गेला तो घरी पोचेपर्यंत कमरेवरच राहिला.

गोळ्या कारखान्यात राहू लागल्या, बटणांच्या पत्र्याच्या डब्यात, पांढऱ्या बटणांच्या खाली. संध्याकाळी सुट्टीची घंटा झाली की एक. नवराही एकदा आत येऊन गेला, बाकीच्या नवऱ्यांसारखाच. त्याचंही रक्त तपासलं. त्यात काय निघालं ते या गोष्टीत येणार नाही. ते दाराच्या आत राहिलं.

आठव्या महिन्यात पोरीचं रक्त पुन्हा मोजणीला गेलं. गोळ्यांनी काम केलंय का, ते आता कळणार होतं आणि त्यावरून बाळंतपणाचं पुढचं ठरणार होतं. अहवाल सोमवारी मिळणार. आणि आदल्या शुक्रवारी तपासणीसबाई आल्या.

तपासणीसबाई वाईट नव्हत्या. इस्त्री केलेल्या होत्या. हातात तक्ता, तक्त्यात रकाने, रकान्यांत आकडे. "सिस्टर, नोंद चाळीसची आणि तपासणी पंचवीसची. उरलेल्या पंधरा?"

"दुसऱ्या दिवशी येतात. सगळ्या येतात. एकही गळत नाही, तेही लिहा."

"त्याला रकाना नाही." त्यांनी कागद पुढे केला. सोमवारपासून नेहमीची तपासणी दार उघडं ठेवून करावी. दार केवळ विशेष प्रकरणी बंद करावं.

"म्हणजे विशेष कोण, ते व्हरांड्याला दार वाजवून कळवायचं?"

"भावनेच्या भरात बोलू नका. गुप्तता पाळायची आहेच की. म्हणून तर बंद करायला सांगितलंय."

भोंगाबाईने कागद पुन्हा वाचला. चार वर्षांपूर्वी ती स्वतः अगदी हेच म्हणाली असती.

"सोमवारी मी स्वतः बसून पाहणार आहे," तपासणीसबाई म्हणाल्या.

"या की. खुर्ची व्हरांड्यात टाकते. तिथून छान दिसतं."

घरी लेक आली होती, दुसऱ्या गावाहून, तीही आठव्या महिन्यातली. आईने भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. नाव मात्र कुणाचंच घेतलं नाही. विळीवरचा हात असा चालला होता की भाजीचा गुन्हा काय ते कळेना.

लेक म्हणाली, "मला तुझ्या दवाखान्यात कुणी ओळखत नाही ना?"

"नाही. का?"

"सोमवारी मला तपास. दार लावून."

आईचा हात थांबला. "अगं, चार बायका तुझ्याबद्दल वाटेल ते बोलतील."

"त्यासाठीच तर. तुझा आवाज तुला एकटीलाच मिळालाय वाटतं?"

सोमवार उजाडला. बाकं भरलेली. औषधांच्या खिडकीखाली खुर्ची, खुर्चीत तपासणीसबाई, मांडीवर तक्ता. दार सताड उघडं. आणि आतून जुनी भोंगाबाई: "वजन वाढलं नाही तुझं! खातेस की नुसती वास घेतेस?" व्हरांडा हसला. पाच बायका भराभर निघाल्या. तपासणीसबाईंनी समाधानाने खुणा केल्या.

बाकावर काजबटनवाली बसली होती, सासूशेजारी. उघडं दार पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या वेळी ते लागणार, आपल्या एकटीच्या वेळी. ती उठली. "आई, घरी जाऊ या. मला बरं वाटत नाही."

"बस गं! तासभर बाक तापवला तो उठून जायला? बरं वाटत नाही म्हणूनच दवाखान्यात येतात."

"पुढची!"

सासूच्या पलीकडे बसलेली अनोळखी पोरगी उठून आत गेली. आणि दार लागलं. खर्रर्र.

व्हरांड्यात एक मान वळली, मग दुसरी.

"कोण गं ही?"

"नवी दिसते. एकटीच आलीय."

"एकटीच येणार! बरोबर कोण येईल?"

"मला तर चेहऱ्यावरूनच शंका आली होती."

"अगं बाई, मी हिच्या मांडीला मांडी लावून बसले होते!" ही सासू. तिने पिशवीतून फडकं काढलं आणि बाकावरची ती रिकामी जागा खसाखसा पुसली. "सूनबाई, इकडे सरक. पोटातल्याला काही व्हायचं."

काजबटनवाली सरकली. तिचे ओठ पांढरे पडले होते. खुर्चीतल्या तपासणीसबाईंची पेन्सिल मघाच थांबली होती.

बारा मिनिटांनी दार उघडलं. पोरगी बाहेर आली तशा बायकांनी पाय आत ओढून घेतले. वाट तिला हवी त्याच्या तिप्पट रुंद झाली. तिच्या मागोमाग भोंगाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. चार वर्षं पंख्याआड कोंडलेला आवाज तिने पोटातून वर घेतला.

"ही माझी मुलगी!"

खिडकीची काच थरथरली म्हणतात. औषधं देणाऱ्याच्या हातातून गोळ्या सांडल्या, हे मात्र नक्की.

"माझी मुलगी, माझ्या पोटची! हिला काय आहे आणि काय नाही ते तुम्हाला बारा मिनिटांत कळलं? मी आई, पण मलाही ते हिला विचारून बघावं लागलं. आत आम्ही काय केलं सांगू? चहा प्यायलो! आता विचारा, मग तिला तो आजार आहे की नाही? सांगणार नाही! असला तर हिचा, नसला तर हिचा. आणि असला म्हणून हिनं बसलेला बाक पुसायला लागत नाही. बाकावरून तो येत नाही, नळावरून येत नाही. तुमच्या जिभेवरून मात्र माणूस देशोधडीला लागतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

हे बोलताना तिने सासूकडे पाहिलं नाही. काजबटनवालीकडे तर मुळीच नाही. त्या क्षणी तिकडे पाहणं म्हणजेसुद्धा सांगणं झालं असतं, आणि एवढा मोठा आवाज चढलेला असतानाही तेवढं भान तिने राखलं.

लेक शांतपणे मागे फिरली आणि आपल्या जागेवर, सासूच्या शेजारी, पुन्हा बसली. सासूच्या हातात अजून ते फडकं. तिने ते हळूच घडी करून पिशवीत टाकलं. मग, कुणाकडे न बघता, म्हणाली, "कितवा महिना तुझा?"

"आठवा."

"पाय सुजलेत तुझे. वर घेऊन बस. सूनबाई, जरा जागा कर तिला."

भोंगाबाई खुर्चीकडे वळली. "लिहा, बाई. एक दार, बारा मिनिटं, एका पोरीची अब्रू. आहे का रकाना?"

तपासणीसबाई उभ्या राहिल्या. "ऑर्डर माझी नाही, सिस्टर. वरून आली आहे. मला मेमो द्यावा लागेल."

"द्या. बावीस आणि चार, सव्वीस वर्षांत एकही मिळाला नाही. भिंत मोकळीच आहे, चौकटीत लावीन. पण दार सगळ्यांसाठी लागणार, नाहीतर माझ्या जागी दुसरी शोधा. आणि दुसरीलाही मी हेच शिकवून जाईन."

मग तिने श्वास घेतला. "पुढची!"

पुढची एक साधी, साखरेची तक्रार असलेली बाई होती. दार लागलं. तिच्या पुढचीलाही लागलं. तिच्याही पुढची काजबटनवाली. ती उठली, सासूला पिशवी दिली, आत गेली, आणि ते दार तिने स्वतःच्या खांद्याने लावून घेतलं. बाकावर एकही मान वळली नाही. अहवालात लिहिलं होतं की तिच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकेही सापडले नाहीत.

मेमो आला. त्याचं उत्तर भोंगाबाईने चार ओळींत दिलं, आणि त्याखाली, कुणी न सांगता, त्या घड्याळाच्या गुलाम डॉक्टरने लिहिलं: दुपारी दोनपर्यंत बसण्यास माझी हरकत नाही. खाली सही. त्या आदेशाचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. तो रद्द झाल्याचा कागद आला नाही. तो फाइलीत आहे, आणि दार बंद आहे.

काजबटनवाली मोठ्या इस्पितळात बाळंत झाली. मुलगा. जन्मल्यापासून काही तासांतच त्याला औषधाचे थेंब सुरू झाले, सहा आठवडे चालले. सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंब नाही, आणि आईची गोळी कधीच बंद नाही; बटणांचा डबा आता घरी आला होता. सासू नातवाला घेऊन बसे आणि संध्याकाळ झाली की ओरडे, "सूनबाई, तुझी ती गोळी घेतलीस का? आधी ती घे, मग भांडी." तिला कळलं होतं की रक्तवाढीची गोळी समजून म्हणत होती, हे भोंगाबाईने कधी विचारलं नाही.

सहाव्या आठवड्याची तपासणी चांगली आली. पण शेवटची, पक्की तपासणी मूल दीड वर्षाचं झाल्यावर. दीड वर्ष ती तारीख टेबलाच्या काचेखाली एका चिठोऱ्यावर होती. नुसती तारीख, दुसरं काही नाही.

त्या दिवशी पोरगं चालत आत आलं आणि त्याने पहिल्यांदा वजनकाट्यावर उडी मारली. दार लागलं. पंखा खडखडला. पट्टीवर एक रेघ आली. दोघी थांबल्या, दुसरी उमटते का पाहत. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. नाही उमटली.

काजबटनवालीने तोंडावर हात दाबून धरला. आणि भोंगाबाई, जिच्या गळ्यात अख्खा गाव उठवण्याइतका आनंद दाटून आला होता, ती एक शब्द बोलू शकत नव्हती. ओरडावं तर कुणासाठी? काय म्हणून? तिने पोराला उचललं, त्याच्या पोटात नाक खुपसलं, परत आईकडे दिलं. मग दार उघडलं, व्हरांड्यात पाऊल टाकलं, आणि सगळा, सगळा आनंद एकाच शब्दात भरून तिने हाक मारली:

"पुढची!"

फाटकाबाहेरची कबुतरं उडाली. बाकावर नातवाची वाट पाहणाऱ्या सासूने कानात बोटं घातली.

"अगं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "आज काय खाल्लंय हिने?"

पुढची बाई लगबगीने आत गेली आणि न सांगता खांदा लावून दार ओढून घेतलं.